घशातला ऐन

लग्नातल्या भांडणापासून आपा आणि औषधवाले मामा एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आज आपांनीच निरोप धाडून मामांना बोलावून घेतलं होतं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

चहा उकळेपर्यंत सून स्वयंपाकघराच्या दारातून दोघांना न्याहाळत होती. एकाच सोफ्याची दोन टोकं दोघांनी धरली होती, मधे उशी. आपा म्हणजे तिच्या सासऱ्यांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. घरात लहानथोर सगळेच त्यांना आपा म्हणत. अर्ध्या गल्लीला त्यांनी जन्मताच उलटं धरून चापट मारली होती, आणि गरज पडली तर तीच चापट आजही मारायची त्यांची तयारी असे. मामा म्हणजे सुनेच्या आईचे धाकटे भाऊ. येताना दुकानातलं रक्तदाब मोजायचं यंत्र ते काखेत मारून घेऊन आले होते.

"हे कशाला?" आपांनी विचारलं.

"असू द्यावं. बोलता बोलता कुणाला लागलं तर."

सुनेच्या लग्नातलं ते भांडण तसं साधं होतं. मुलाकडचे सुन्नी, मुलीकडचे शिया. निकाह कुणाच्या मौलवींनी लावायचा? शेवटी दोन्हीकडच्या मौलवींनी लावला, पाठोपाठ. नवरदेवाने इतक्या वेळा 'कबूल' म्हटलं की नंतर वाढप्याने पाणी हवं का विचारलं तरी तो 'कबूल' म्हणाला. दोन्हीकडच्यांच्या मते लग्न एकदाच लागलं होतं, फक्त ते कुठलं, यावर एकमत नव्हतं.

"सांगा आता," आपा म्हणाल्या. "निरोपात होतं तेवढंच, की अजून काही?"

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं," मामा म्हणाले. "पिठाच्या गिरणीमागचं मैदान. सकाळची वेळ. तुमच्या भावाची ती शिकवणीची गाडी, पुढेमागे शिकाऊची लाल पाटी. आत तुमचा भाऊ आणि माझी बहीण. काचा वर. आणि काचांवर..." त्यांनी भाचीकडे पाहून आवाज खाली आणला. "आतून वाफ धरलेली."

आपांनी डोळे मिटले. "कुठल्या काचेवर?"

"पुढच्या."

"फक्त पुढच्याच?"

"त्याने काय फरक पडतो?"

"मी नर्स होते. मला सगळं नीट सांगायचं."

"मग दार का नाही वाजवलंत, मामा?" कोपऱ्यातून सुनेच्या नवऱ्याने विचारलं.

"आणि म्हणू काय? चाकात हवा आहे का बघतो?"

नवऱ्याला वेगळीच काळजी होती. अब्बा पहाटे बाथरूमचं दार लावून घशातून आवाज काढत. माशाचा काटा अडकलेल्या माणसाने मदत मागावी, पण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून हळू मागावी, तसा तो आवाज असे. त्याने अब्बांना बळेच घशाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने बत्ती लावून आत बघितलं आणि तो म्हणाला, असा घसा गायकांना मिळत नाही. तेव्हापासून तो जास्तच घाबरला होता.

सुनेने त्याला खुणेने आत बोलावलं.

"तुझे अब्बा आणि माझी अम्मी लग्न करणार असतील," ती कुजबुजली, "तर तू माझा कोण?"

"नवरा."

"आणि सावत्र भाऊ."

"असं कुठे असतं?"

"आणि आपली मुलगी तुझी भाची."

तो स्टुलावर बसला. "म्हणजे मी तिचा मामा?"

"मामा आणि बाप."

त्याने बोटांवर नाती मोजली. "मग वाढदिवसाला दोनदा काहीतरी द्यावं लागेल," तो म्हणाला.

*

त्याच वेळी ती लाल पाटीची गाडी घराकडे येत होती. सासरे, म्हणजे गावभर ज्यांना मास्तर म्हणत ते, गाडी चालवत होते आणि शेजारच्या जागेवर विहीणबाई होत्या, शिकवणाऱ्याच्या. त्या बाजूला पायाशी एक जास्तीचा ब्रेक होता, आणि त्याचा उपयोग कसा करायचा हे विहीणबाईंना मास्तरनेच शिकवलं होतं.

पतीच्या निधनानंतर विहीणबाईंनी पन्नाशीत गाडी शिकायला घेतली होती. मास्तरने त्यांना व्याह्याची कसलीही सवलत दिली नाही. "विहीणबाई, आरसा भांग पाडायला नाही." "विहीणबाई, तो खांब आहे, तो बाजूला होणार नाही." विहीणबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्यांनी परवाना काढला आणि सगळं मनात ठेवलं.

मग मास्तरची बायको गेली. ती रोज पहाटे कुराण वाचायची आणि तो दाढी करता करता ऐकायचा. ती गेल्यावर लोक जमले, कुराणाचे तीस भाग तीस जणांत वाटले गेले आणि एक भाग त्याच्याही हातात आला. लहानपणीच त्याला गॅरेजात चिकटवलं होतं. नमाजेपुरतं तोंडपाठ होतं, पण पुस्तकातलं अक्षर त्याला कधी लागलं नव्हतं. शेजारचा पान उलटी, तेव्हा तोही उलटी. आपल्या बायकोसाठी आपल्याच घरात परक्याच्या पानाकडे बघून पान उलटायचं, हे त्याला फार लागलं.

शिकायचं ठरवलं, पण कुणाकडे? मशिदीतल्या मौलवींकडे जावं तर ते स्वतः त्याच्याकडे गाडी शिकत होते, आणि मास्तरने त्यांना "डोळे गहाण ठेवून आलात का" असं विचारून झालं होतं. मौलवी मनाने मोठे असतील, पण एवढी परीक्षा कुणी घ्यावी? विहीणबाईंनी मात्र जन्मभर घरी मुलांना वाचायला शिकवलं होतं. शिवाय त्यांच्या तोंडून बातमी फुटली तरी ती त्यांच्या लोकांत राहिली असती. दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलतच नव्हते. एवढी सुरक्षित जागा त्याला दुसरीकडे मिळाली नसती.

"आमच्याकडे हात सोडून नमाज पढतात, तुमच्याकडे बांधून," पहिल्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या होत्या. "वाचताना हात कुठे ठेवायचे ते मी सांगेन. गुडघ्यावर. आणि मी ओरडेन."

त्या ओरडल्या नाहीत. अक्षर चुकलं की उभ्या गाडीत त्या ब्रेक दाबत. मास्तरला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागे. वाचताना थांबायच्या खुणा तेवढ्या त्याने एका बैठकीत उचलल्या: इथे थांबलंच पाहिजे, इथे थांबलात तरी चालेल, इथे थांबायची सोय नाही. "हे तर आमचंच खातं," तो खूश होऊन म्हणाला होता. पण ऐन काही येईना. घशाच्या तळातून काढायचं ते अक्षर ऐनवेळी दगा देई आणि कधी उचकी होऊन बाहेर येई, कधी ढेकर होऊन. आज मात्र ते तीनदा जमलं होतं आणि विहीणबाईंचा पाय ब्रेकवर गेला नव्हता. म्हणून मास्तर खुशीत होता. म्हणून जिना चढताना तो शीळ घालत होता, आणि दार उघडणाऱ्या सुनेला ती शीळ फार जड गेली.

*

"ये," आपा म्हणाल्या. "बस. तुम्हीही बसा."

मास्तरने आपांकडे पाहिलं, मग मामांकडे, मग मधल्या उशीकडे. तो विहीणबाईंना म्हणाला, "कळलं वाटतं ह्यांना."

"कधीतरी कळणारच होतं," विहीणबाई चपला काढत म्हणाल्या.

"कधीपासून चाललंय?" आपांनी विचारलं.

"थंडी पडायला लागली तेव्हापासून."

"या वयात?"

"वयाचं काय, आपा? विहीणबाई म्हणाल्या, उशीर असा नसतोच. मनात असलं की झालं."

मामांनी यंत्राचा पट्टा काढून स्वतःच्याच दंडाला गुंडाळायला सुरुवात केली.

"घरदार असताना गाडीत?" आपा म्हणाल्या.

"घरी आवाज होतो. पोर जागी होते." मास्तर खुर्ची ओढून बसला. गुपित फुटल्यावर त्याला हलकंच वाटत होतं. "सुरुवातीला फार लाज वाटायची. घसा दुखायचा. आता सवय झाली. रविवारीसुद्धा चुकवत नाही. पहिल्या महिन्यात कायदा उरकला आणि मग..."

"कायदा?" मामा उठून उभे राहिले. यंत्र त्यांच्या दंडाला लोंबकळत होतं. "म्हणजे कोर्टात जाऊन आलात?"

विहीणबाईंनी पिशवी उघडली आणि कोपरे दुमडलेलं एक पातळ पुस्तक टेबलावर ठेवलं. अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकाला दोन्ही घरांत कायदाच म्हणत. "हा कायदा," त्या म्हणाल्या. "अलिफ, बे, ते. तुम्हाला काय वाटलं?"

शेवटी सून म्हणाली, "अम्मी, आम्हाला वाटलं तुम्ही दोघं लग्न करताय."

विहीणबाईंनी मास्तरकडे वरून खाली पाहिलं, दुकानदाराने लपवलेला डाग शोधत कापड बघावं तसं. "ह्यांच्याशी? त्या आरशावरून बोललेत ते मी अजून विसरले नाही."

मास्तरला लग्न करायचं नव्हतं, तरी थोडं वाईट वाटलं.

"आणि वाफ?" मामांनी विचारलं.

"ह."

"हो?"

"ह. घशातला ह. चष्मा पुसताना आपण काचेवर फुंकतो ना, तसा यायला हवा. मी ह्यांना सांगितलं, पुढची काच धूसर झाली तर अक्षर बरोबर."

आपांनी मामांकडे पाहिलं. "तरी मी विचारलं होतं, फक्त पुढच्याच का म्हणून."

मामा बसले. यंत्रावर आकडे उमटले, ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. सून हसू दाबत चहा आणायला वळली आणि तिला वाटलं, संपलं. पण आपांचा चेहरा बघून ती दारातच थांबली.

"म्हणजे तू कुराण वाचायला शिकतोयस," आपा सावकाश म्हणाल्या. "त्यांच्याकडून."

"हो."

"लग्न परवडलं असतं."

"मलासुद्धा," मामा म्हणाले.

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनाही आवडलं नाही. पण गरजेपुढे इलाज नव्हता. मधली उशी मामांनी मांडीवर घेतली आणि ते आपांच्या बाजूला सरकले.

"आमच्यातले लोक हिला विचारतील," मामा म्हणाले, "आपली मुलं सोडून तिकडचा म्हातारा कशाला हाती घेतलास?"

"आणि आमच्यातले म्हणतील," आपा म्हणाल्या, "ह्याला इकडे कुणी मिळालं नाही. शिवाय मी ऐकलंय, त्यांच्यात पानं जास्त असतात."

"कशात?" विहीणबाईंनी शांतपणे विचारलं.

"ऐकलंय, म्हटलं. मी मोजायला गेले नाही."

"मग आता मोजा."

त्यांच्या पिशवीत कापडात बांधलेली त्यांची कुराणाची प्रत होती. घरातली प्रत कपाटावर होती. हात लावायचा तर आधी वजू करायला हवा, म्हणून सगळेच बेसिनकडे गेले आणि तिथे पुन्हा अडलं. मामांनी तोंड, हात धुतले, ओल्या हाताने पाय पुसले आणि ते बाजूला झाले.

"पाय राहिले," आपा म्हणाल्या.

"पुसले."

"पुसायला तो काय ओटा आहे?"

"आमच्यात पुसतात. आणि तुम्ही धुता तेव्हा बाकीच्यांना होडी लागते." मामांचे मोजे खरोखरच भिजले होते.

टेबलावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या गेल्या. आपा एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला, दोघांची बोटं बरोबरीने सरकू लागली. एक ओळ, दोन ओळी, पान. सून आपांच्या खांद्यावरून बघत होती. आपांच्या ओठांतून शब्द हळू हळू बाहेर येऊ लागले, मग मामांच्याही, आणि थोड्या वेळाने दोघं काय शोधायला बसले होते ते विसरून नुसते वाचत होते. आपांचा आवाज इतका मऊ असू शकतो हे सुनेला ठाऊक नव्हतं. लहान बाळ हातात घेताना त्या असाच लावत असतील, तिला वाटलं.

मग आपांचं बोट अध्यायाच्या शेवटाला पोचलं तेव्हा मामांचं अजून मधेच होतं.

"बघा," आपा म्हणाल्या, "ह्यांच्यात पानं जास्त आहेतच."

"अक्षर मोठं आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. दुकानात मागितलं, मोठ्या अक्षराचं द्या."

आपांनी दोन्ही पानं पुन्हा पाहिली. खरोखरच तेवढाच फरक होता. त्यांनी आपली प्रत मिटली, मग जरा वेळाने हळूच विचारलं, "कुठल्या दुकानात?"

"आता मास्तरांनी वाचून दाखवावं," मामा म्हणाले. ते हट्टाला पेटले होते. "काय शिकवलंय ते कळेल."

सुनेचा नवरा इथे हळूच उठला आणि पोर जागी झाली का बघायला निघाला. पोर शेजारच्या घरी खेळत होती. पण अब्बांनंतर आपल्याला वाचायला लावतील अशी त्याला शंका आली होती, आणि शाळा सुटल्यापासून त्याचंही बरंच विसरून झालं होतं.

मास्तर मोठ्या अक्षराच्या प्रतीपुढे बसला. हात गुडघ्यावर. मग एक बोट पानावर. त्याने सुरुवात केली तशी सगळ्यांनी श्वास धरला, कारण तो पहिल्या गिअरमध्ये घाट चढत होता. एक अक्षर, मग त्याच्या वरची खूण, मग दोन्ही मिळून. कपाळाला घाम. आणि मग ऐन आला.

मास्तर थांबला. त्याने घसा साफ केला. मान थोडी वर केली. काहीच बाहेर पडलं नाही.

"ऐन," आपा घशातून म्हणाल्या.

"ऐन," मामा घशातून म्हणाले.

विहीणबाईंचा पाय आपोआप टेबलाखाली दाबला गेला आणि मामांच्या ओल्या मोज्यावर पडला.

"मी आधी म्हटलं," आपा म्हणाल्या.

"बरोबर मी म्हटलं," पाय चोळत मामा म्हणाले.

"दोघांनीही एकच म्हटलं," सून म्हणाली.

तिच्याकडे दोघांनी अशा नजरेने पाहिलं की ती बिस्किटं आणायला गेली.

"आपा," मास्तर पानावरून बोट न काढता म्हणाला, "तू मधे बोललीस की मला येत असलेलं जातं."

"मग मला का नाही विचारलंस?"

हा प्रश्न आपा जोरात विचारणार होत्या, पण तो हळू आला, आणि सगळ्यांना कळलं की मघापासून भांडण ह्याच प्रश्नाचं होतं. शिया नाही, सुन्नी नाही. "मी वाचते. मला शिकवता आलं असतं. मी रोज ह्या घरात येते. तू उठून त्यांच्याकडे गेलास."

मास्तरने आता पानावरून बोट काढलं. "तू मला उभं राहायला शिकवलंस. सायकल शिकवलीस. अब्बा मारायला धावले की मधे पडायचीस. तुझ्यासमोर मला चुकता येत नाही, आपा. आणि चुकल्याशिवाय हे येत नाही."

आपांनी दुपट्ट्याचं टोक उगाच सरळ केलं. मामांनी मांडीवरची उशी उचलून त्यांच्या पाठीशी ठेवली, आणि आपण असं का केलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

"घाई कसली आहे एवढी?" आपांनी विचारलं.

"तिच्या कबरीवर मला स्वतः वाचायचंय. पान उलटायला नाही जायचं."

मग विहीणबाई म्हणाल्या, "सकाळी गिरणीमागे असतो आम्ही. मागची जागा मोकळीच असते. पण जो बोलेल त्याला उतरवून देईन."

दुसऱ्या दिवशी मागच्या जागेवर आपा आणि मामा बसले. आपांना गिरणीपाशी उतरवावं लागलं, मामांना त्याच्या आधीच.

*

कडक उन्हाळा लागायच्या आत एका सकाळी ते कबरस्तानात गेले. मास्तर, मुलगा आणि मामा आत. बायका आत जात नसत, म्हणून आपा, विहीणबाई आणि सून बुटक्या भिंतीबाहेर उभ्या राहिल्या. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. नुसती त्याची वाकलेली पाठ दिसत होती आणि पानावर सरकणारा हात.

एकच पान वाचायचं होतं. त्याला इतका वेळ लागला की मुलाने दोनदा पाय बदलले आणि मामांनी डोक्यावर रुमाल टाकला. पण मामा बोलले नाहीत. एका ठिकाणी त्यांनी तोंड उघडलं ते सुनेला लांबून दिसलं. मग त्यांनी ते मिटून घेतलं आणि बुटांकडे बघत राहिले.

पानाच्या तळाशी हात थांबला.

"अडकला," आपा म्हणाल्या.

विहीणबाईंनी मान हलवली. दोघींना पान पाठ होतं. तो कुठवर आला असेल हे दोघी मनात मोजत होत्या. हात हलेना. आपांनी भिंत धरली. त्यांच्या ओठांतून ऐनचा तो शब्द अगदी हळू निघाला, त्याच क्षणी विहीणबाईंच्याही, आणि दोघींनी भिंतीपलीकडे न पोचेल इतक्या हळू आवाजात तो पुन्हा म्हटला.

हात पुढे सरकला. शेवटच्या खुणेपर्यंत गेला आणि जिथे थांबायचं तिथे नीट थांबला.

आपांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

"असेल," विहीणबाई म्हणाल्या.